सात फूट रुंदीचं घर

"तू जाऊन बघून ये," अम्मी म्हणाली. "तू ठीक आहे म्हणालीस तर अंगठा देते. नाही तर तो आणि त्याची बोट, दोघं तिकडेच राहू देत."

अम्मीला सही येते. उर्दूत करते, चांगली वळणदार. पण रागावली की ती अंगठ्याचीच भाषा बोलते.

प्रकरण असं होतं. माझी भावजय नर्स. मुंबईत शिकली, बोईसरच्या एका दवाखान्यात काही वर्षं काढली आणि २०२१ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत भरती झाली. वर्षभराने भाऊ आणि भाची गेले. भाऊ इथे तारापूर एमआयडीसीत फिटर होता, तिकडे त्याला एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. नॉर्दम्प्टन शहरात दोन खोल्या, भाडं महिन्याला अकराशे पौंड. घर घ्यायचं तर कर्ज, कर्ज म्हटलं की व्याज, आणि त्या बाबतीत भाऊ अब्बांवर गेलाय. अब्बांनी पाममधला प्लॉटसुद्धा भिशी आणि ओव्हरटाइमच्या पैशांतून घेतला होता. व्याजाशिवाय घर देणाऱ्या संस्था तिथे आहेत, पण सुरुवातीची रक्कम भरताना भाऊ थकला असता. मग एक दिवस व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आपा, आम्ही बोट बघतोय. राहायला."

मला वाटलं सुट्टीत राहायला. तसं नव्हतं. कायमचं.

पैसे कमी पडत होते. म्हणून पामचा प्लॉट विकायचा, असं त्याचं म्हणणं. अब्बांच्या पश्चात सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं लागली आहेत. आपल्या वाटणीच्या हिशेबाने चोवीस भाग केले तर अम्मीचे तीन, भावाचे चौदा, माझे सात. म्हणजे तिघांच्या सह्या हव्यात. अम्मी तयार नव्हती आणि खरं सांगायचं तर मीही नव्हते. फरक एवढाच, की अम्मी पाण्याला घाबरत होती आणि मी माझ्या सात भागांचं काय होणार या विचारात होते. बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करायची आणि ईदला भावाने साडी घ्यायची, हा रिवाज आपल्याकडे शरीयतपेक्षा कडक पाळला जातो. भावाने तसं तोंडाने म्हटलं नव्हतं. पण म्हटलं नव्हतं म्हणूनच मला जास्त टोचत होतं.

अम्मीच्या भीतीला कारण आहे. तिचं माहेर अलिबागकडचं. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेवर माणसं गेली, त्यांत तिचा थोरला मामू होता. अम्मीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरी तिच्या घरात पावसाळ्यात बोटीचं नाव काढत नसत. भावाने तिला दादीची आठवण करून दिली. दादी मुंबईहून हजच्या जहाजाने जिद्दाला गेली होती, आठवडाभर समुद्रावर होती. अम्मी म्हणाली, "ती अल्लाच्या घरी निघाली होती. तू कोणाच्या घरी निघालायस?"

तर गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी गेले. तिकीट भाऊ काढत होता, ते मी नाकारलं. सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा हप्ता शिल्लक होता, तो घातला. सहीसाठी बोलावलेल्या माणसाच्या तिकिटाने जाऊ नये, एवढं मला कळतं.

बोट पाहिली ती पाण्यात नव्हतीच. ब्राउन्स्टन नावाच्या गावाजवळच्या एका यार्डात लाकडी ओंडक्यांवर उभी होती. आपल्याकडे मेअखेरीस सातपाटीला, दांडीला, तारापूरला होड्या वर ओढून शाकारायची तयारी चालते, १ जूनपासून मासेमारी बंद. तिथे त्याच दिवसांत ही बोट पाण्यात उतरवायची घाई. भाऊ तिच्या पोटाखाली आडवा पडून डांबर फासत होता. डोक्यावर अब्बांसारखाच रुमाल. मी हाक मारली तर बाहेर आला आणि हात काळे म्हणून कोपराने मला मिठी मारली.

लांबी सत्तावन्न फूट. रुंदी सहा फूट दहा इंच. ही रुंदी ऐकून मी हसले, पण त्यामागे अडीचशे वर्षांचा हिशेब आहे. त्या भागातले कालवे अठराव्या शतकात कोळसा आणि माल वाहण्यासाठी खणले. चढउतारावर बोट नेण्यासाठी लॉक असतात, म्हणजे दोन्ही बाजूंना दारं असलेला विटांचा हौद. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी सोडायचं, बोट लिफ्टसारखी वर येते. हे हौद बऱ्याच ठिकाणी सात फूट रुंदीचे बांधले. म्हणून बोटी त्याहून जरा अरुंद, आणि म्हणून आज माझ्या भावाचं घरही तेवढंच. आतल्या बाजूने भिंतीची जाडी वजा केली की सहा फुटांच्या आसपास उरतात. मी मधोमध उभी राहून हात पसरले. दोन्हीकडे बोटं टेकली.

बोट १९९४ सालची, तिच्या आधीच्या मालकाकडून घेतलेली. सर्वेअरने ठिकठिकाणी यंत्र टेकवून पत्र्याची जाडी मोजली. बाजूचा पत्रा मुळात सहा मिलिमीटरचा, पाण्याच्या रेषेपाशी काही जागी तो पावणेचारवर आला होता. विमा हवा तर किमान चार लागतो, असं सर्वेअर म्हणाला. मालकाने किंमत चार हजार पौंडांनी कमी केली, पण जुन्यावर नवा पत्रा डागण्याचं काम नऊ हजारांचं निघालं. प्लॉटची गोष्ट तिथून सुरू झाली. भाऊ स्वतः लोखंडातला माणूस, पण यार्डात त्याला वेल्डिंग करू देत नव्हते, प्रमाणपत्र असलेलाच वेल्डर हवा. तो बाजूला उभा राहून बघायचा आणि मला हळूच मराठीत सांगायचा, "हा टाका मी यापेक्षा बरा मारला असता." आतल्या बाजूला थंडी अडवणारा फोम फवारलेला असतो, त्याला ठिणगी लागली तर सगळंच जायचं, म्हणून एक माणूस आत पाण्याचा पंप घेऊन बसलेला. तारापूरला राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

नवा पत्रा म्हणजे नवं वजन. वजन वाढलं की बोट खोल बसते. म्हणून फरशीखालच्या दगडी लाद्या काही काढाव्या लागल्या. या लाद्या बोट स्थिर राहावी म्हणून मुद्दाम ठेवतात. दोन दिवस मी आणि भावजय लाद्या बाहेर देत होतो. ती रात्रपाळी करून यायची, चार तास झोपायची आणि माझ्याबरोबर लाद्या उचलायची. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाली, "आपा, मला घर नको असं नाही हो. मला भाड्याच्या घरात मालकाचा फोन आला की पोटात गोळा येतो, तो नको." इतक्या वर्षांत तिने माझ्याशी सरळ बोललेलं हे पहिलं वाक्य असावं.

सामान काय न्यायचं यावर भांडणं झाली. भाचीची पुस्तकं, भावजयीचा प्रेशर कुकर, दोन पातेली, गादीखालच्या खणात बसतील एवढे कपडे. मिक्सर गेला, कारण छपरावरच्या सौर पट्ट्यांवर आणि चार बॅटऱ्यांवर तो चालवायचा म्हणजे संध्याकाळचे दिवे मंद. मी पामहून छोटा खलबत्ता नेला होता, त्याची किंमत एकदम वाढली. पाण्याची टाकी पाचशे लिटरची. भाचीला शॉवरखाली गाणी म्हणायची सवय, तिला बादलीने अंघोळ कशी करायची ते मी शिकवलं. आम्ही टँकरची वाट बघून वाढलेली माणसं, यात आम्हाला पदवी आहे. संडासाची मात्र मला धास्ती वाटली. खाली वीसेक लिटरची पेटी असते, ती भरली की हाताने उचलून काठावरच्या ठरलेल्या जागी रिकामी करायची. भाऊ म्हणाला, "आपली घाण आपण उचलायची, त्यात काय?" मी काही बोलले नाही. आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या डोक्यावर दिलं गेलं, ते दोघांनाही ठाऊक होतं.

गॅसची टाकी आत ठेवत नाहीत. पुढच्या नाळेतल्या वेगळ्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी भोकं. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि घर म्हणजे बॉम्ब. दर चार वर्षांनी या सगळ्याची तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हे मी अम्मीला फोनवर सांगितलं नाही.

मला खरी काळजी भाचीची होती. ती आठ वर्षांची. तिथल्या कालव्यांचा कारभार पाहणारा ट्रस्ट दोन प्रकारचे परवाने देतो. बोट बांधायची कायमची जागा असेल तर एक. नसेल तर चौदा दिवसांच्या आत पुढे सरकायचं, आणि त्याच दोन जागांमध्ये ये-जा करून चालत नाही, खरोखर प्रवास करायचा. १९९५ च्या कायद्यात तसं लिहिलंय. आता चौदा दिवसांनी घर सरकणार आणि शाळा जागेवर राहणार, हे गणित कसं जुळायचं? मी वीस वर्षं पालघर जिल्ह्यात शिकवतेय. दिवाळीनंतर हजेरीपटावरची नावं कशी गळतात ते पाहिलंय. आईबाप वीटभट्टीवर गेले की मूल गेलं. त्या मुलांसाठी भट्टीवरच भोंगाशाळा निघाल्या. त्याआधी कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. बीएडला आम्ही ती उत्तरात लिहून गुण मिळवले. पण स्वतःच्या भाचीला कुरणशाळेची गरज पडेल असं मनात आलं नव्हतं.

हा प्रश्न तिथल्यांनाही पडून गेलाय. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, मालवाहतुकीचे दर पडले, तेव्हा बोटवाल्यांना घराचं भाडं आणि गड्याची मजुरी दोन्ही परवडेना. बायकामुलं बोटीवर आली. मागच्या टोकाला दहा फुटांची केबिन, त्यात सगळा संसार, बाकी बोटभर कोळसा. जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसाने त्यांच्या मुलांसाठी रान उठवलं, तेव्हा १८७७ आणि १८८४ साली कायदे झाले, बोटींची नोंदणी आणि मुलांची शाळा त्यांत आली. ब्राउन्स्टनच्या टेकडीवरच्या चर्चभोवती या बोटवाल्यांच्या कबरी आहेत. आयुष्यभर पाण्यावर फिरून लग्नाला आणि दफनाला लोक तिथे येत. मी एका दुपारी एकटीच जाऊन आले. घर नव्हतं त्यांनाही जमीन लागलीच.

भावाने शाळेचा विचार केला होता, मी समजत होते त्यापेक्षा जास्त. सप्टेंबरपासून एका मरीनात राहण्यासाठीची जागा मिळणार होती, पत्ता मिळणार होता, शाळेची बस तिथून जवळ. शाळेच्या सुट्टीत बोट हिंडेल, बाकी वर्ष बांधलेली राहील.

"मग भाडं आलंच की," मी म्हटलं.

"आलं. पण पावपट."

मी त्याची वही मागितली. मरीनाचं भाडं त्याने धरलं होतं. परवाना, विमा, कोळसा, डिझेल धरलं होतं. दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून पुन्हा डांबर, ते धरलं नव्हतं. बॅटऱ्या बदलणं धरलं नव्हतं. आणि सगळ्यात मोठं, बोटीची किंमत दरवर्षी उतरत जाते, पामचा गुंठा चढत जातो. चढणारी वस्तू विकून उतरणारी घ्यायची, हे मी लाल पेनाने लिहिलं. सवय, दुसरं काय.

तो वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जमीन कुठे जात नाही असं अम्मी म्हणते. अक्करपट्टीची गेली की नाही? पोफरणची गेली. लोकांची चांगली पक्की घरं होती. अणुवीज केंद्राचं तिसरं-चौथं युनिट आलं आणि उठा म्हणाले. आता वाढवणचं बंदर येतंय. निदान माझं घर उठवलं तर मी घेऊन निघेन."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

नमाजाची गोष्ट सांगते. पहिल्या संध्याकाळी बोटीत मी सवयीने पश्चिमेकडे उभी राहिले. भाची ओरडली, "फुफू, उलटी!" तिथे किब्ला आग्नेयेला. फोनमधलं होकायंत्र उघडलं तर काटा भूत लागल्यासारखा फिरतो. चारी बाजूंनी लोखंड, त्यात बिचारं काय करणार. मग युक्ती अशी, की काठावर उतरायचं, तिथे दिशा बघायची, बोटीशी तिचा कोन लक्षात ठेवायचा आणि आत येऊन तशी जानमाज टाकायची. बोट नवीन जागी बांधली की पुन्हा पहिल्यापासून. हे काम भाचीने स्वतःकडे घेतलंय. एका शुक्रवारी भावाने मौलानांना विचारलं, सारखे सरकत राहिलो तर नमाज कसर करायची का? मौलाना हनफी, त्यांच्याकडे पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्कामाचा इरादा असेल तर माणूस मुसाफिर. ट्रस्टचे चौदा दिवस आणि हे पंधरा, भावाला वाटलं सुटलो. आम्ही शाफई, आमच्याकडे तर चारच दिवस. मौलाना हसले. म्हणाले, "बेटा, तुमची बोट माणसाच्या चालीने जाते. आधी सफरचं अंतर तर काप." पूर्ण पढतात मग.

त्या रात्री भाचीला मी शब्द सांगितले. आपल्या किनाऱ्यावरचा नाखवा म्हणजे फारसी नाखुदा, बोटीचा धनी. खलाशी अरबीतून आला, सुकाणूही. आणि वाट दाखवणारा मालीम म्हणजे मुअल्लिम, तोच शब्द जो उर्दू शाळेत शिक्षकासाठी आहे. ती म्हणाली, "म्हणजे तू बोटीवर मालीम?" मग थोडा विचार करून, "पण मराठीत बोट म्हणजे हे पण ना?" आणि माझा अंगठा धरला.

बोट पाण्यात उतरवायची त्या दिवशी क्रेन आली. सतरा-अठरा टनांचं घर दोन पट्ट्यांवर हवेत लटकलं. भावजयीने डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली ती बोट टेकल्यावरच थांबली. भाऊ आधी उडी मारून आत गेला, फरशी उचलून टॉर्चने तळ बघितला. पंख्याच्या दांड्यापाशी थेंब थेंब पाणी, ते चालतं म्हणे, ग्रीसचा स्क्रू पिळायचा. बाकी कोरडं. मात्र बोट डावीकडे दोन बोटं कलली होती. कारण शोधलं तर भाचीची पुस्तकं, माझा खलबत्ता आणि कोळशाच्या गोण्या एकाच बाजूला. अर्धा दिवस आम्ही लाद्या आणि पुस्तकं इकडून तिकडे हलवत होतो, टेबलावर पाण्याची पातळी बघायची नळी ठेवून. शेवटी उर्दू उजवीकडे आणि इंग्रजी डावीकडे असं जमलं.

रात्री तिथेच झोपले. कोणी बाहेरून पाय ठेवला की अख्खं घर जरा मान हलवतं. दार वाजवायची गरजच नाही. भाऊ डेकवर बसला होता. मी जाऊन बसले आणि आठवडाभर मनात घोळलेलं बोलले. प्लॉट बाहेर विकायचा नाही. तुझ्या चौदातले सात मी घेते, बाजारभावाने, पीएफ आणि सोनं मिळून होतील तेवढे. तुझं पत्र्याचं काम भागेल. तुझे सात राहतील, परत यावंसं वाटलं तर पाय टेकायला. आणि माझे सात माझेच, ते कोणी सोडायला सांगायचं नाही.

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "मी सांगणार होतो सोडायला. तू आलीस त्या दिवशीच. हात काळे होते म्हणून राहिलं."

मी म्हटलं, "बरं झालं काळे होते."

ते खरंच बोलला याचं मला अजून बरं वाटतं. व्यवहार आम्ही लिहून काढला, दोन साक्षीदारांसह. देण्याघेण्याचं लिहून ठेवा हे सांगणारी आयत कुरआनातली सगळ्यात लांब आयत आहे, आणि भावाबहिणीतच आपण ती विसरतो. घरी परतल्यावर माझ्या मियांनी आधी "बोटीत पैसे घालायचे?" म्हणून डोळे मोठे केले. जमीन घेतोय म्हटल्यावर चहा मागितला.

अम्मीने मला पाममध्ये ओट्यावरच गाठलं, बॅग हातातच होती. भाची उंच झाली का, सून बारीक झाली का, काही नाही. एकच प्रश्न.

"पाणी किती खोल?"

"कमरेएवढं, अम्मी. कुठे छातीएवढं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे बुडाली तर?"

"तर छपरावर उभं राहायचं. पायही भिजणार नाहीत कदाचित."

अम्मी हसली नाही. आत गेली, पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "मग इतके दिवस हे कोणी सांगितलं का नाही?"

दस्त पालघरला झाला. भावाने चुलतभावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र पाठवलं होतं. वाटणीत अम्मीचे तीन भाग तसेच, तिच्या सहीची गरज नव्हती, पण ती हट्टाने साक्षीदार म्हणून आली. सही केली, उर्दूत. टेबलामागच्या मुलाने छोटं यंत्र पुढे सरकवलं आणि म्हणाला, "मावशी, अंगठाही लागतो." अम्मीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि ठेवला.